टोयोटा ८६ : २१५ मिलिमीटरच्या टायरचे प्रकरण

एप्रिल २०१२ मध्ये टोयोटा ८६ जपानमध्ये विक्रीस आली, तेव्हा मोटारप्रेमींची एक मोठी तक्रार तिच्या टायरांबद्दल होती. पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, बुटका बांधा आणि सुमारे १,२३० किलो वजन, असा या गाडीचा घाट होता आणि ती चालवण्याच्या आनंदासाठीच बांधली होती. तिच्या वरच्या आवृत्त्यांवर मात्र मिशेलिनच्या प्रायमसी एचपी या जातीचे २१५/४५ आर १७ मापाचे (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिमचा व्यास १७ इंच) टायर होते. टोयोटाच्याच प्रियस या हायब्रिड गाडीच्या काही आवृत्त्यांवर हेच टायर बसवले जात असल्यामुळे ‘स्पोर्ट्स कारला प्रियसचे टायर’ ही टीका लवकरच सर्वत्र पसरली. कंपनीने खर्च वाचवला, असा निष्कर्ष अनेकांनी काढला, आणि हौशी मालकांनी गाडी हाती येताच २२५, २३५, अगदी २४५ मिलिमीटर रुंदीचे टायर चढवले.

हा निष्कर्ष घाईचा होता असे माझे मत आहे. या गाडीचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी प्रकल्पाच्या आरंभापासून तीन गोष्टी ठरवून दूर ठेवल्या होत्या: टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारे यंत्र), चारही चाकांना ताकद देणारी रचना आणि जास्त पकडीचे रुंद टायर. म्हणजे टायरची निवड हिशेबाच्या शेवटी काटकसर म्हणून झालेली नव्हती, तर गाडीच्या मूळ कल्पनेतच ती धरलेली होती. ती कल्पना समजून घ्यायची, तर रुंदी वाढल्याने टायरमध्ये नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आधी आकड्यांनी तपासावे लागते.

ठशाचा हिशेब

रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकलेले जास्त रबर आणि जास्त रबर म्हणजे जास्त पकड, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिचा पहिला भागच पुरता बरोबर नाही. टायर जिथे रस्त्याला टेकतो त्या ठशाचे क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्या चाकावरचा भार आणि टायरमधल्या हवेचा दाब. चालकासह गाडीचे वजन १,३०० किलो धरले, तर सरासरी एका चाकावर ३२५ किलो, म्हणजे सुमारे ३,१९० न्यूटन भार येतो. हवेचा दाब २.४ बार धरला, तर हा भार पेलायला सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर ठसा लागतो. टायरचा सांगाडा स्वतःही थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा येईल, पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

आता हाच भार आणि हाच दाब ठेवून रुंदी बदलू. २१५ चा टायर रस्त्याला पूर्ण २१५ मिलिमीटर टेकत नाही, कारण ते माप बाजूच्या फुगवट्यासह असते. टेकणारी रुंदी १८ सेंटिमीटर धरली, तर ठशाची लांबी सुमारे ७.४ सेंटिमीटर येते. २४५ च्या टायरची टेकणारी रुंदी २१ सेंटिमीटर धरली, तर लांबी सुमारे ६.३ सेंटिमीटरवर उतरते. क्षेत्रफळ तेच राहिले आणि आकार मात्र बदलला: ठसा आडवा पसरला आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने आखडला. रुंद टायर लावल्यावर पुष्कळजण हवा थोडी कमी ठेवतात. तेव्हा ठसा खरोखर मोठा होतो, पण त्याचे श्रेय कमी केलेल्या दाबालाही द्यावे लागते.

मग रुंद टायरची पकड जास्त असते हा अनुभव खोटा आहे का? नाही, तो खरा आहे, पण त्याची कारणे ठशाच्या क्षेत्रफळापेक्षा अधिक खोलवर आहेत. शाळेत शिकवतात तो घर्षणाचा नियम रबराला लागू पडत नाही. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणगुणांक (पकड भागिले भार) स्थिर राहत नाही. चाकावरचा भार वाढत गेला की पकडही वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही, त्यापेक्षा कमी. गाडी वळणावर झुकली की बाहेरच्या चाकांवर भार चढतो आणि आतल्या चाकांवरचा उतरतो. बाहेरच्या टायरला जे मिळते ते आतल्या टायरने गमावलेल्यापेक्षा कमी असते, त्यामुळे दोहोंची एकत्रित पकड घटते. रुंद टायरची भार पेलण्याची क्षमता जास्त असल्याने तोच भार त्याच्या क्षमतेचा लहान हिस्सा ठरतो आणि ही घट कमी होते. १,२३० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षाही कमी उंचीवर असलेली गाडी वळणावर फार भार हलवत नाही, म्हणून ८६ ला हा फायदा मिळतो तो मर्यादितच. हाच टायर दोन टनांच्या उंच गाडीला लावला, तर तो फायदा ठळकपणे दिसेल.

दुसरे कारण उष्णतेचे आहे आणि शर्यतीच्या ट्रॅकवर तेच सर्वांत वजनदार ठरते. वळणावर रबर सतत ताणले जाते, थोडे घसरते आणि तापते. रुंद टायरमध्ये ही उष्णता अधिक रबरात विभागली जाते, म्हणून ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारल्या तरी तो उशिरा अति तापतो आणि कमी झिजतो. यातून पुढची सोय निघते: टायर रुंद असेल, तर त्यावर अधिक मऊ रबर वापरणे परवडते. बाजारात जास्त रुंदीचे टायर बहुधा मऊ रबराचेच येतात, आणि ‘रुंद केल्यावर पकड वाढली’ असे सांगणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा एकाच खरेदीत रुंदी आणि रबर दोन्ही बदललेले असतात. कोणत्या बदलाने किती दिले, हे त्याला वेगळे काढता येत नाही.

टायरने सांगितलेली मर्यादा

वळणावर चाक ज्या दिशेला वळवलेले असते, त्याच दिशेने टायर जात नाही; दोन्हींत काही अंशांचा कोन असतो, त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढत जातो तशी बाजूची पकड वाढते, एका टोकाला पोहोचते आणि नंतर उतरू लागते. ८६ च्या बाबतीत प्रश्न या टोकाच्या उंचीचा जितका होता, तितकाच ते टोक चालकाला कसे जाणवते याचाही होता.

रुंद आणि बुटक्या भिंतीचा टायर स्टिअरिंग वळवताच उत्तर देतो. त्याची पकड लहान कोनातच टोकाला जाते आणि त्यानंतर ती झटकन सुटू शकते. थोडा अरुंद आणि उंच भिंतीचा टायर उत्तर सावकाश देतो, जास्त कोन घेतो आणि टोकाच्या आजूबाजूला बराच वेळ रेंगाळतो. त्यामुळे गाडी सुटण्याआधी चालकाला हातात आणि पाठीत इशारा मिळतो. या फरकाचे सगळे श्रेय रुंदीला देणे मात्र चूक होईल, कारण भिंतीची उंची, सांगाड्याचा ताठरपणा आणि रिमची रुंदी यांचा त्यात फार मोठा वाटा असतो. अरुंद रिमवर दाबून बसवलेला रुंद टायर वळणावर भिंतीतून लवचतो आणि रुंदीचा अपेक्षित नेमकेपणा देतच नाही. ८६ ची मूळ रिम ७ इंच रुंद होती आणि २१५ च्या टायरला ती योग्य होती. त्याच रिमवर २३५ चा टायर चढवणारे मालक नवी रुंदी विकत घेतात आणि तिचा निम्मा उपयोग तिथेच घालवतात.

मागच्या चाकांवरचा हिशेब

इथे तादांच्या निर्णयाचे खरे मर्म लागते. ८६ चे इंजिन १,९९८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडर आडवे मांडलेले, आणि टर्बोशिवायचे होते. त्याची ताकद २०० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०५ न्यूटन मीटर. हॅचबॅक गाड्यांतसुद्धा टर्बोमुळे यापेक्षा जास्त टॉर्क मिळू लागला होता, तेव्हा हा आकडा माफकच म्हणावा लागतो. एवढ्या ताकदीत गाडीची मागची बाजू अ‍ॅक्सिलरेटरने हलवता आली पाहिजे, वळणात पायाच्या दाबाने गाडीचा रोख बदलता आला पाहिजे, ही या गाडीची मूळ अपेक्षा होती.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचे प्रमाण २.१८८ आणि मागच्या धुरीचे अंतिम प्रमाण ४.१ होते. २१५/४५ आर १७ टायरची त्रिज्या सुमारे ३१ सेंटिमीटर येते. कमाल टॉर्कवर दुसऱ्या गिअरमध्ये मागच्या दोन चाकांकडून रस्त्यावर सुमारे ५,९०० न्यूटन बल पडते. गिअर आणि बेअरिंगमधली हानी वजा केली, तर साधारण ५,२०० न्यूटन उरते. गाडीच्या वजनाचा ४७ टक्के भाग मागे असतो आणि वेग घेताना थोडा भार आणखी मागे सरकतो. तो धरून मागच्या दोन टायरांवर सुमारे ६,९०० न्यूटन भार येतो.

समजा, गाडी वळणात आहे आणि बाजूचे त्वरण गुरुत्वाच्या ०.७२ पट आहे. मूळ टायरचा घर्षणगुणांक मी हिशेबासाठी ०.९ धरतो. टायरची पकड एकच असते आणि ती वळणे व ढकलणे या दोन कामांत वाटून जाते, वळणासाठी ०.७२ खर्च झाल्यावर ढकलण्यासाठी ०.५४ उरते, कारण हा वाटा सरळ वजाबाकीने निघत नाही, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखा निघतो. ०.५४ पट म्हणजे सुमारे ३,७०० न्यूटन. इंजिन तर ५,२०० देऊ शकते. याचा अर्थ असा, की या वळणात दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, तर मागची चाके सुटतील. अर्धवट दाबला, तर ती हव्या तितक्याच कोनात बाहेर सरकतील. हाच खेळ या गाडीच्या रचनेच्या मुळाशी आहे.

आता जास्त पकडीचा, मऊ रबराचा रुंद टायर लावू आणि गुणांक १.१ धरू. वळण तेच, वेग तोच. ढकलण्यासाठी आता सुमारे ०.८३ उरते, म्हणजे ५,७०० न्यूटन, आणि इंजिनचे बल त्याच्या आत राहते. पाय पूर्ण दाबूनही गाडीची मागची बाजू जागची हलत नाही. मर्यादेपर्यंत जायचे, तर वळणात आधीपेक्षा बराच जास्त वेग न्यावा लागतो, आणि सार्वजनिक रस्त्यावर तो वेग नेणे धोक्याचे असते. गाडीची पकड वाढली, फेरीची वेळही कमी झाली असेल, पण चालक आणि गाडी यांच्यातला संवाद ज्या वेगाला सुरू होत होता, तो वेग वर सरकला. या गाडीला रुंद टायर नकोत, असे तादा म्हणत होते ते याच कारणाने, आणि हे आकडे मांडल्यावर मला तरी ते पूर्णपणे पटते.

यात आणखी एक गोष्ट जोडावी लागते. रुंद टायर आणि त्याला लागणारी रुंद रिम मिळून वजन वाढते, आणि ते वजन फिरते तसेच स्प्रिंगच्या खाली असते. २०० पीएसच्या गाडीला त्याची किंमत वेग घेताना जाणवते, आणि खडबडीत रस्त्यावर चाक पृष्ठभागाला धरून ठेवणे सस्पेन्शनला अवघड जाते. रस्त्यातल्या लांब खाचा आणि चाकोऱ्या रुंद टायरला बाजूला ओढतात, म्हणून सरळ चालतानाही स्टिअरिंग सारखे सावरावे लागते.

पाण्यावर

रुंदीचा सर्वांत स्पष्ट तोटा साचलेल्या पाण्यावर दिसतो. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने चालली आहे, असे धरू. १८ सेंटिमीटर टेकणाऱ्या टायरला सेकंदाला साडेतेरा लिटर पाणी बाजूला सारावे लागते, तर २१ सेंटिमीटर टेकणाऱ्याला पावणेसोळा लिटर. त्याशिवाय रुंद टायरचा ठसा आखूड असल्याने पाणी सारायला त्याला वेळही कमी मिळतो: अरुंद टायरला सुमारे ३ सहस्रांश सेकंद, रुंद टायरला अडीच. काम जास्त आणि वेळ कमी, अशी ही दुहेरी अडचण आहे. पाणी सरले नाही, तर टायर त्यावर तरंगतो आणि त्या क्षणी ना स्टिअरिंग ऐकते ना ब्रेक. हवेचा दाब कमी असेल, तर हे तरंगणे आणखी कमी वेगात सुरू होते. म्हणून रुंद टायर लावून वर हवाही कमी ठेवणाऱ्याने पावसात विशेष जपले पाहिजे. ट्रेडच्या, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थराच्या, खाचांची खोली आणि मांडणी यांचा परिणामही मोठा असतो, आणि झिजलेला अरुंद टायर नव्या रुंद टायरपेक्षा वाईट ठरू शकतो, हे इथे नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आणि घाटरस्ते लक्षात घेता, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टायरच्या दुकानात ‘एक साइज मोठा लावा, ग्रिप वाढेल’ असा सल्ला सहज दिला जातो. त्यात तथ्य असले, तरी ते कोरड्या रस्त्यापुरते आणि योग्य रिमसह असते. मारुती स्विफ्टचे उदाहरण घ्या: कंपनीने खालच्या आवृत्त्यांना १६५/८० आर १४ आणि वरच्या आवृत्त्यांना १८५/६५ आर १५ टायर दिले. रुंदी २० मिलिमीटरने वाढली, पण त्यासोबत रिमही बदलली, आणि टायरचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच ठेवला, त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएस यांचे हिशेब बिघडले नाहीत. रुंदी बदलायची, तर एवढे सगळे सांभाळून बदलावी लागते.

२०२१ : तीच रुंदी, वेगळे रबर

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा नऊ वर्षांनी आला. २०२१ मध्ये जीआर ८६ या नावाने नवी पिढी आली. तिचे इंजिन २,३८७ घन सेंटिमीटरचे, ताकद २३५ पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर होता. जुन्या टीकेला उत्तर द्यायचे असते, तर कंपनीने २२५ किंवा २३५ चे टायर देऊन विषय संपवला असता. तसे झाले नाही. वरच्या आवृत्तीला मिशेलिनचेच, पण पायलट स्पोर्ट ४ या जास्त पकडीच्या जातीचे २१५/४० आर १८ टायर दिले गेले, आणि त्याखालच्या आवृत्तीला तेच जुने प्रायमसी एचपी, २१५/४५ आर १७. दोन्हींची रुंदी २१५.

एकाच गाडीवर एकाच रुंदीचे दोन स्वभावांचे टायर कारखान्यातूनच यावेत, असा योग क्वचित जुळतो. पायलट स्पोर्ट ४ वर गाडी स्पष्टपणे जास्त चिकटून वळते आणि तिची मर्यादा वर जाते, तर प्रायमसीवर ती लवकर आणि सहजपणे सरकते, असे दोन्ही आवृत्त्या चालवलेल्यांचे सर्वसाधारण मत आहे. रुंदी एक मिलिमीटरही न बदलता पकडीत आणि स्वभावात पडलेला हा फरक आहे. अर्थात ही तुलना प्रयोगशाळेसारखी शुद्ध नाही: रिम एक इंचाने मोठी आहे आणि भिंत ९७ ऐवजी ८६ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे स्टिअरिंगच्या तत्परतेतला काही वाटा भिंतीचा आहे. तरीही एकूण पकडीतला बदल प्रामुख्याने रबर आणि बांधणी यांचा आहे, असे मानायला चांगला आधार आहे.

टॉर्ककडे पाहिले, तर या निवडीची संगती लागते. २०५ वरून २५० म्हणजे २२ टक्के वाढ. वरच्या हिशेबात मी घर्षणगुणांक ०.९ वरून १.१ वर नेला होता, तीही जवळजवळ तेवढीच वाढ. ते दोन गुणांक मी उदाहरणासाठी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. पण इंजिन बलवान झाले तशी पकड वाढवली, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने गाडीची मागची बाजू हलवण्याचे जुने नाते टिकून राहिले, एवढे त्यातून दिसते. शिवाय जीआर ८६ चा कमाल टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला ३,७०० फेऱ्यांवरच मिळतो, जुन्या गाडीत तो ६,४०० च्या पुढे मिळत होता. तेव्हा जास्त पकडीच्या टायरवरही मागची चाके हलवण्याइतके बल आता इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांतच हाताशी असते.

जुन्या ८६ च्या ज्या मालकाला खरोखर ट्रॅकवर जायचे आहे, त्याच्यासाठी २४५/४० आर १७ हे माप अनेकदा सुचवले जाते. त्याचा व्यास सुमारे ६२८ मिलिमीटर, म्हणजे मूळ ६२५ च्या अगदी जवळ, त्यामुळे त्या बाजूने अडचण येत नाही. पण त्यासाठी साडेआठ किंवा नऊ इंचांची रिम घ्यावी लागते, तिचा ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) असा निवडावा लागतो की टायर बाहेर मडगार्डला आणि आत सस्पेन्शनला घासणार नाही, पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कोन) वाढवावा लागतो आणि स्टिअरिंग जड होते ते सोसावे लागते. लांब सत्रांत रबर थंड राहते आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंत ब्रेक व वळणे सारखीच राहतात, हा त्याचा खरा मोबदला आहे. जो मालक ट्रॅकवर क्वचितच जातो, त्याने आधी मूळ रिमवर २१५ मध्येच चांगल्या रबराचा टायर घ्यावा, अलाइनमेंट नीट करून घ्यावी आणि हवा थंड टायरवर तपासावी; त्यानंतरही टायर ट्रॅकवर तापून सुटत असेल, तेव्हा रुंदीचा खर्च करावा.